इंग्रजीचे सर कुणाशी बोलतात?



आमच्या दिवाळी अंकाची शेवटची मुद्रितं गेली काही वर्षं एक निवृत्त शिक्षक तपासतात. मी आठवीत असताना ते आम्हाला इंग्रजी शिकवायला होते. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी अजून ‘अरे’च आहे. या वर्षी गणपती उठल्यावर ते मुद्रितांचा गठ्ठा घेऊन आले. चहा झाला. मी सहज विचारलं, ‘सर, एवढी वर्षं इंग्रजी शिकवलंत. समाधान मिळालं का हो?’

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, ‘चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पण इंग्रजीत बोललो कुणाशी, ते आठवून बघतोय. अरे, कुणाशीच नाही.’

संपादकीयात कागदाचे भाव आणि घटत्या जाहिराती यांचं रडगाणं गायचं ठरवलं होतं. ते बाजूला ठेवलं.

शिक्षकाच्या समाधानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर सत्काराच्या व्यासपीठावरचं असतं: शिक्षकी हा पेशा नव्हे, व्रत आहे. दुसरं एस.टी.च्या बाकड्यावरचं: वेतन आयोग मिळाला, उन्हाळ्याची सुट्टी आहे, आता आणखी काय पाहिजे? दोन्ही उत्तरांत सोय एकच. शिक्षकाला काही विचारावं लागत नाही.

व्रताचं उत्तर तर इतिहासालाही पुरलेलं नाही. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हटल्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन या शाळेसाठी उभे राहिले. सोबत टिळक आणि नामजोशी होते, पाठोपाठ आगरकर आले. त्याग करायला यांच्याइतकी तयार माणसं शोधून सापडायची नाहीत. तरी दहा वर्षांच्या आत, आजीव सदस्यांनी किती घ्यावं आणि बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून वाद पेटले. इतरही कारणं होती, पण १८९० मध्ये टिळक ही शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे हा तिढा होताच. त्यागावर शाळा उभी राहते, शिक्षकाचं घर चालत नाही. मराठी मुलखात इंग्रजी शिकवायला शाळा निघाल्या, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या पायरीवर बसलेला आहे.

तरीही या मास्तरकीनं आपल्याला खूप दिलं. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याला गेले आणि १९३८ पर्यंत तिथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये राहिले. नाव भारदस्त असलं तरी ती समुद्राकाठच्या खेड्यातली शाळा होती. विंदा करंदीकरांनी आणि भालचंद्र नेमाडे यांनी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवलं. मर्ढेकरही इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि विलास सारंगांनी तर इराकमध्ये बसऱ्याला जाऊन इंग्रजी शिकवलं. ज्ञानपीठ मिळालेल्या आपल्या चार लेखकांपैकी तिघांच्या बोटांना खडू लागलेला आहे, ही साधी गोष्ट नाही.

पण या मोठ्या माणसांकडे असं काही होतं, जे आमच्या सरांकडे नव्हतं. इंग्रजी वाचून मनात जे साचलं, ते ओतायला त्यांच्याकडे मराठीतलं लेखन होतं. वाद घालायला मित्र होते, नियतकालिकं होती. ज्याला लिहायचं नाही, फक्त चांगलं शिकवायचं आहे, त्यानं आपली भाषा कुठे वापरायची?

आता अलीकडे येऊ. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीला भेटायची. बहुजनांच्या मुलांनी इंग्रजीसाठी चार वर्षं का थांबायचं, हा त्यामागचा विचार खराच होता. पण पहिलीच्या वर्गावर उभे होते, ते स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेले, डी.एड. झालेले गुरुजी. एका उन्हाळ्यात ते इंग्रजीचे शिक्षक झाले. त्याच साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित वेतन. सुरुवातीच्या काळात प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन होतं महिना ३००० रुपये. पुढे ते ६००० झालं आणि १६००० व्हायला २०२३ साल उजाडलं. वाघिणीचं दूध काढायला माणूस पाठवला, त्याच्या हाती भांडं मात्र दिलं नाही.

आज अनुदानित शाळेतल्या नियमित शिक्षकाचा पगार बरा आहे, हे मान्य करू. पण त्याच गावात विनाअनुदानित वर्गावर टप्पा अनुदानाची वाट पाहणारा शिक्षक आहे, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबणारा पदव्युत्तर पदवीधर आहे. गावाबाहेरच्या खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मॅडमना मिळणारी रक्कम ऐकली तर त्या शाळेची फी भरणारे पालकही चपापतील. शिवाय शिकवण्याखेरीजची कामं आहेतच. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांचाच अपवाद ठेवून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. प्रत्यक्षात खिचडीचा हिशेब, पोर्टलवरची माहिती, ‘आज दुपारपर्यंत तातडीने’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप, हे चालूच असतं. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावं, असं त्यात सांगितलं. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा उमेदवार व्हावं लागलं.

ही सगळी दुखणी दूर झाली, तर शिक्षक समाधानी होईल? फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात एक फरक दाखवून दिला. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस असमाधानी होतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो समाधानी होतोच असं नाही. समाधान येतं ते खुद्द कामातून: काही साधल्याच्या जाणिवेतून, ते कुणी ओळखलं यातून, जबाबदारी मिळण्यातून. त्यांनी पाहणी केली होती ती अभियंत्यांची आणि हिशेबनिसांची. पण आपल्या गुरुजींनाही हे लागू पडतं. पायातला काटा काढला की ठणका थांबतो, पण तेवढ्यानं कुणी नाचायला लागत नाही.

इंग्रजीच्या शिक्षकाचं खास दुःख इथे सुरू होतं. गणिताच्या बाईंना वर्गाबाहेर गणित भेटतं, दुकानात, बँकेत. मराठीच्या सरांना तर सगळा गावच मराठीचा वर्ग. इंग्रजी मात्र खेड्यात तासाची घंटा झाली की येते आणि पुढची घंटा झाली की जाते. पस्तीस मिनिटं. त्यातही बोलली जाणारी इंग्रजी म्हणजे चार वाक्यं: सुरात म्हटलेलं ‘गुड मॉर्निंग टीचर’, दारातलं ‘मे आय कम इन सर’, हजेरीचं ‘प्रेझेंट सर’ आणि पाणी प्यायला जायची परवानगी. बाकी सगळं भाषांतर, गाइड आणि ‘अपेक्षित’. शिक्षककक्षात इंग्रजीत एक वाक्य बोललं तर ‘आले बघा साहेब’ म्हणून हशा पिकतो. तबला शिकवणाऱ्याला रोज तबला वाजवायला मिळतो. सुताराचा रंधा रोज फिरतो. इंग्रजीचा शिक्षक मात्र आपलं हत्यार वर्षानुवर्षं म्यानातच घेऊन फिरतो, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की ते गंजलंय. साहेब तपासणीला येतात, वही तपासली का विचारतात, टाचण बघतात. त्यांच्याशी इंग्रजीत दोन मिनिटं बोलायची वेळ दोघंही शिताफीनं टाळतात.

सरांना मी खोदून विचारलं, ‘एकदाही समाधान वाटलं नाही?’ ते हसले. पाचवीतली एक मुलगी, वर्षभर न बोललेली, एका सकाळी वर्गात येऊन म्हणाली, ‘सर, माय गोट बेबी कम.’ शेळी व्याली होती. पाठ्यपुस्तकात ते वाक्य नव्हतं, सरांनी शिकवलेलं नव्हतं, व्याकरणात बसत नव्हतं. पण सांगण्यासारखं काही घडलं होतं आणि ते सांगायला तिनं इंग्रजी उचलली होती. त्या दिवशीचा पाठ सरांनी बाजूला ठेवला. किती करडं, रंग कुठला, नाव काय, एवढंच बोलत तास संपला. दुसऱ्या दिवशी टाचणाप्रमाणे पाठ झाला नाही म्हणून शेरा मिळाला. मला सांगताना सरांना शेऱ्याचे शब्द आठवत नव्हते. मुलीचे आठवत होते.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांत एन. एस. प्रभू हे नाव आदरानं घेतलं जातं. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी ‘बंगलोर प्रकल्प’ चालवला. व्याकरण घोकून घेण्याऐवजी मुलांना डोकं चालवायला लावणारी कामं द्यायची, भाषा त्यातून येईल, हे त्याचं सूत्र होतं. पुढे १९९० साली त्यांनी मांडलं की सर्वांत चांगली अशी एक पद्धत नसतेच. आपण शिकवतो त्यातून शिकणं कसं घडतं, याची शिक्षकाची स्वतःची समज जागी आहे की नाही, हे महत्त्वाचं. ती समज झोपली की शिकवणं यांत्रिक होतं, मग पद्धत कुठलीही असो. शेळीच्या दिवशी आमच्या सरांची ही समज टक्क जागी होती. शेरा तिलाच मिळाला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. शिक्षकाचं समाधान त्यागात नाही आणि निव्वळ पगारातही नाही. ते कारागिराचं समाधान आहे. आपलं काम आपल्या अकलेनं करता यावं आणि केलेलं ओळखणारं माणूस समोर असावं. इंग्रजीच्या शिक्षकाला आपण या दोन्ही गोष्टींत उपाशी ठेवलं.

हे बदलता येतं, याचा दाखलाही आपल्याच राज्यात आहे. राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ उपक्रमात जिल्हा परिषदांच्या शिक्षकांचे छोटे गट केले गेले. जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी जमायचे, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे, वर्गात काय जमलं नि काय फसलं ते सांगायचे. गट चालवणारेही शिक्षकच. यात काही थोर शोध नव्हता, भजनी मंडळाची युक्ती होती. एकट्यानं गाताना लाजणारा माणूस चार जणांत सूर लावतो.

२०२५ सालचीच गोष्ट घ्या. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा आदेश एप्रिलमध्ये निघाला, राज्यभर रान उठलं आणि २९ जूनला सरकारनं तो मागे घेतला. बाजू घेणारे आणि विरोध करणारे भरभरून बोलले, ते बोलायलाच हवं होतं. पण इंग्रजी ही दुसरी भाषा पंचवीस वर्षं पहिलीपासून शिकवणाऱ्यांना बोलावून ‘तुमचा अनुभव काय?’ असं विचारलेलं फारसं दिसलं नाही.

या अंकात म्हणूनच शिक्षकांबद्दल इतरांनी लिहिलेलं आम्ही कमी केलं आणि शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं वाढवलं. कथा, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य हा फराळ नेहमीप्रमाणे आहेच. काही लेख खरखरीत वाटतील. आम्ही ते मुद्दाम गुळगुळीत केले नाहीत.

 वाचकहो, तुमच्याकडे एक मागणं. भाऊबीजेला गावी जाल, तेव्हा तुम्हाला इंग्रजी शिकवणारे सर किंवा बाई असतील, तर त्यांच्या घरी जा. पाया पडा, फराळ करा, आणि मग त्यांच्याशी दहा मिनिटं इंग्रजीत बोला. चुकलात तरी हरकत नाही. ते दुरुस्त करतील.

दिवाळीच्या शुभेच्छा.

— संपादक