घरकोंबड्यांची बाजू

मे महिना लागला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न फिरू लागतो, "यंदा कुठं जाणार?" कुणी गावी निघतो, कुणी लेकीकडे, कुणाच्या मंडळाने बुद्धगया-सारनाथची सहल काढलेली असते, आणि ज्या घरात दोन पगार येतात ते महाबळेश्वरचे नाव घेतात. "कुठंच नाही, घरीच आहोत" असे उत्तर देणाऱ्याकडे लोक दोनच प्रकारे बघतात. एक तर याच्याकडे पैसे नसतील, नाहीतर हा घरकोंबडा असेल. या माणसाला प्रवास आवडत नाही आणि आपले घर आवडते, हे तिसरे कारणही असू शकते. ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आज आम्हाला या तिसऱ्या माणसाची बाजू मांडायची आहे.

घरकोंबडा हा शब्द कुणी काढला कोण जाणे. कोंबडा दिवसभर उकिरडे पालथे घालत असतो. दिवेलागणीला तेवढा न चुकता आपल्या खुराड्यात येतो. आमचा कष्टकरी माणूस याहून वेगळे काय करतो?

देशाटनाने माणूस शहाणा होतो असे शाळेत शिकवले जाते. ते खोटे नाही. पण आपल्या समाजाने देशाटन काही कमी केलेले नाही. प्रश्न असा, की ते कुणाच्या मर्जीने केले? आपल्या आज्या-पणज्यांचा प्रवास आठवून पाहावा. महारकीच्या वतनात जी कामे अंगावर येत त्यांत पायपीटच फार होती. सरकारी टपाल तालुक्याला पोहोचव, अंमलदाराचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावी ने, गावात कुणी मेले तर त्याच्या पाव्हण्यांकडे गावोगाव मर्तिकाचा सांगावा घेऊन जा. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, निघावे लागे. "आज मी घरी राहतो" हे वाक्य बोलण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. पण वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने. म्हणजे मनात नसेल तर घराबाहेर न पडण्याची मोकळीक आपल्याला मिळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

वतन गेले तरी चालणे थांबले नाही. १९७२ च्या दुष्काळात किती घरांनी कुलूप लावून मुंबई-पुण्याची वाट धरली ते आपल्या थोरल्यांना विचारा. बीडकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबे आजही दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी गाडीत घालून कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांना जाऊन कुणी विचारावे, की बाबा, तुला प्रवासाची आवड आहे का?

आता हौसेच्या प्रवासाचेही सांगतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत प्रवासाचे अनुभव लिहून ठेवले आहेत. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले, मसूर स्टेशनावर उतरले, आणि जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. १९३४ ची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. त्या वर्षी बाबासाहेब चळवळीतल्या सुमारे तीस कार्यकर्त्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. शुद्ध सहलच म्हणा. वाटेत देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले. धुळीने अंग माखलेले, दाराशी पाण्याने भरलेले टाके. काहींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला, अंगावर येण्याची वेळ आली. अखेर किल्ल्यात सोडले ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. कशासाठी, तर ही मंडळी आत कुठे पाण्याला हात लावतील म्हणून! परदेशी शिकून आलेल्या बॅरिस्टराची ही कथा. मग आपल्या जुन्या माणसांना परक्या गावी पाणी मागण्याचा आजही संकोच वाटत असेल, घरून दोन बाटल्या भरून घेतल्याशिवाय ती निघत नसतील, तर त्यांना हसू नये. प्रवासाची ती नावड कुठून आली आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

हेच बाबासाहेब समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले, लंडनला गेले, देशभर दौरे केले. आणि हातात थोडा पैसा आला तेव्हा त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, तेही मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. बाहेर फिरणे हे कामासाठी, आणि मन रमायचे ते पुस्तकांत. आम्हाला तरी असे दिसते.

भगवंतांनीही पंचेचाळीस वर्षे चारिका केली, पण पावसाळ्यात भिक्षूंना एका जागी राहायला सांगितले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास. कारण साधे होते. पावसात फिरल्याने कोवळी पिके, गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात अशी लोकांची तक्रार होती. ज्यांनी घरच सोडले त्यांनाही वर्षातले तीन महिने एका छपराखाली थांबण्याची शिस्त होती, मग संसारी माणसाने थांबावेसे म्हटले तर त्यात आळस तो कसला?

आपल्या वस्तीतला एस.टी.चा कंडक्टर घ्या. सहा दिवस तो धावत्या गाडीत उभा असतो. किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला येणारा सफाई कामगार घ्या, जाण्यायेण्यात त्याचे रोजचे चार तास जातात. सुट्टीच्या दिवशी त्याला बनियनवर बसून चहा प्यायचा असतो, मुलाची सायकल दुरुस्त करायची असते, दुपारी पंख्याखाली पडायचे असते. त्याला पुन्हा गाडीत बसवून कुठेतरी नेण्याचा आग्रह धरायचा, वर कर्ज काढून, हे आम्हाला पटत नाही. पंधरा माणसे बघायला गेली म्हणून आपणही गेलेच पाहिजे, असे कुठे आहे? शिवाय घर ही गोष्ट आपल्याला आत्ता आत्ता मिळते आहे. बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या निघाल्या. तिथे पुरुष गॅलरीत नाहीतर नाक्यावर, कारण आत बसायला जागाच नाही. वरळीला २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्याला जन्मात पहिल्यांदा दार लावून एकटे बसायची खोली मिळाली, तो चार दिवस तिथून हलला नाही तर त्याला घरकोंबडा म्हणू नका.

इथे आमच्या भगिनी म्हणतील, "अहो, तुमचे घरी बसणे म्हणजे आमचे काम दुप्पट!" त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. साहेब घरी रमले की चहा चार वेळा होतो, दुपारी भजी होतात, भांड्यांचा ढीग पडतो. घर आवडते म्हणणाऱ्याने त्या घराचे काम काय असते ते आधी विचारावे. धुणीभांडी करणारी बाई चार घरची घरे आवरून आपल्या घरी येते, तिला घर म्हणजे पाचवे काम. तिला चैत्यभूमीला जायचे असेल, बहिणीकडे आठ दिवस राहायचे असेल, महिला मंडळाबरोबर अजिंठा पाहायचा असेल, तर 'मला आवडत नाही' एवढ्यावर तिचे जाणे रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याला नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. तिने जावे, याने घरी राहावे आणि स्वतःचा भात स्वतः शिजवावा. मुलींच्या बाबतीत तर आम्ही जास्तच कडक आहोत. मुलीची परीक्षा औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे, बाप म्हणतो एवढ्या लांब कशाला. हे घरावरचे प्रेम नव्हे.

आणि सगळ्यात जास्त ज्यांचे ऐकले जात नाही त्या म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या. नवरा गेला की आईची पाळी लागते. दोन महिने थोरल्याकडे, दोन धाकट्याकडे, दिवाळी लेकीकडे. मुलांना वाटते आपण सांभाळतो आहोत, आणि सांभाळतातही. पण तिची पिशवी कधी उघडली जात नाही. कुठल्या घरात आपली वाटी कुठली हे तिला विचारावे लागते. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एस.टी.चा प्रवास फुकट झाला. सवलत चांगलीच आहे, पण घराघरांत बोलणे असे सुरू झाले, "आजी, तुला तर तिकीटच नाही, मग यायला काय होतं?" तिला काय होते ते सांगायला आम्हाला फार विचार करावा लागत नाही. गुडघे दुखतात. गाडीत लघवीची सोय नसते म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. आणि तिला तिचा उंबरा, तिच्या शेजारणी, संध्याकाळी विहारातली वंदना आणि तिथली तिची ठरलेली जागा सोडवत नाही.

आमच्या परिचयातल्या एका घरी मुलांनी यावर उपाय काढला. आई कुठेही जाणार नाही म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा रुसवेफुगवे झाले, थोरली सून म्हणाली, "आमच्यात काय कमी पडलं?" मग ठरले की बुद्धजयंतीला आणि दिवाळीला सगळ्यांनी आईकडे यायचे. मधल्या दिवसांत शेजारची मुलगी औषधे आणून देते, तिला महिन्याकाठी काही पैसे तिघे भावंडे मिळून देतात. सणाला दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसे झोपतात. पहाटे नळावर भांडण होते ते वेगळेच. म्हातारी दारात पाटावर बसून कोण जेवले, कोण राहिले याचा हिशेब ठेवते, आणि पाहुणे निघाले की पिशव्या त्यांच्या भरते.