हापूसच्या बागेतील नेपाळी गडी

आरे-वारेचा समुद्र पाहावयास येणारे पर्यटक रत्नागिरीच्या हापूसचे कौतुक करतात. पण त्या बागांची फवारणी, राखण व काढणी करून मांगरातच राहणाऱ्या नेपाळी गड्यांची विचारपूस कोणी करीत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच मजुरांपासून लागू होई. त्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या संहितेने ती मर्यादा दहावर नेली. दहा गडी ठेवणारे बागायतदार असे कितीसे? शिवाय ‘आंतरराज्य’ या शब्दात नेपाळ बसतच नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारान्वये त्यांना येथे राहण्याची मुभा आहे, शिधापत्रिकेची सोय नाही. किमान वेतनाचा कायदा मात्र राष्ट्रीयत्व विचारीत नाही. लहरी मोहोरामुळे बागायतदार बेजार असतो, हे खरे. म्हणून त्याचा तोटा गड्याच्या मजुरीतून भरून निघावा काय? ग्रामपंचायतींनी हंगामापूर्वी निदान या गड्यांची नोंद तरी करावी.