बाद फेरीत गोल एकच, म्हणून फॉरवर्ड नापास?

ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हॉकीचा विश्वचषक आहे. संघनिवडीची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'आपले फॉरवर्ड मोठ्या सामन्यात चालत नाहीत.' पुरावा म्हणून पॅरिस ऑलिम्पिक पुढे केलं जातं. तो पुरावाच जरा तपासून बघू.

पॅरिसला २०२४ मध्ये भारताने ८ सामन्यांत १५ गोल केले. त्यातले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि तो बचावपटू. अभिषेकचे २, मनदीप आणि सुखजीतचा प्रत्येकी १, उरलेला १ मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादचा. बाद फेरी वेगळी काढली तर चित्र आणखी वाईट. ग्रेट ब्रिटनशी १-१, जर्मनीकडून २-३ अशी हार, स्पेनवर २-१ ने विजय आणि कांस्य. या ५ गोलांपैकी ४ हरमनप्रीतचे. पाच फॉरवर्ड मिळून गोल एक, सुखजीतचा.

आता कबड्डीचं बघा. चढाईपटूने ५ गुण घेतले म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न येतोच, 'चढाया किती?' ८ चढायांत ५ आणि २५ चढायांत ५ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॉकीत मात्र फटके किती, कुठून मारले, हे कुणी विचारत नाही. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, प्रत्येक फटक्याची नोंद जाहीर होते. तिथेही प्लेऑफमध्ये मोठी नावं कोरडी जातात. २०१३ मध्ये सिडनी क्रॉस्बीला बोस्टनविरुद्धच्या चार सामन्यांत ना गोल मिळाला, ना असिस्ट. अशा वेळी तिथले जाणकार आधी फटके मोजतात. फटके नेहमीइतके असतील तर समोरचा गोलकीपर भारी पडला किंवा नशीब आडवं आलं. फटकेच घटले असतील तर खेळाडूला जागाच मिळत नव्हती, आणि ती खरी अडचण.

हिशोब साधा आहे. समजा एखादा फॉरवर्ड दहा फटक्यांत सरासरी एक गोल करतो. बाद फेरीच्या तीन सामन्यांत त्याला ९ फटके मिळाले. तर एकही गोल न होण्याची शक्यता जवळपास ३९ टक्के निघते. असे पाच जण घेतले तर दोघं कोरडे राहणं ही अगदी सामान्य गोष्ट झाली, त्यात कुणाचा फॉर्म गेलेला नसतो.

पण आपल्या मैदानी हॉकीत नुसते फटके मोजूनही भागत नाही. फॉरवर्ड सर्कलमध्ये घुसतो, चेंडू बचावपटूच्या पायाला लागतो, पेनल्टी कॉर्नर मिळतो. ड्रॅगफ्लिक हरमनप्रीतची, गोलही त्याच्याच नावावर. घुसणाऱ्याच्या खात्यात गोल नाही आणि फटकासुद्धा नाही. कॉर्नर कुणी मिळवून दिला याची नोंद फटक्यांच्या शेजारी हवीच.

सामन्याची परिस्थितीही बघावी लागते. ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. पुढची ४३ मिनिटं भारत दहा जणांनी खेळला, फॉरवर्डही मागे येऊन बचाव करत होते. त्या दिवशी फटके कमी पडले म्हणून त्यांना बोल लावणं म्हणजे कमालच! शूटआउट आपण ४-२ ने जिंकलो, त्यातले दोन गोल सुखजीत आणि ललित उपाध्यायचे. शूटआउटचे गोल खेळाडूच्या स्पर्धेतल्या खात्यात धरत नाहीत, त्यामुळे यादीत ते दिसत नाहीत.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे. बाद फेरीतले पाचही गोल पेनल्टी कॉर्नरवर आले, सुखजीतचा धरून. चालू खेळातून तीन सामन्यांत एकही नाही. चालू खेळात सर्कलच्या मध्यातून किती फटके गेले, हे आता तपासायला हवं. कोपऱ्यातून उगाच मारलेले फटके त्यात धरू नयेत, नाहीतर आकडा फुगतो.

उलट बाजूनेही घाई दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने कोरियाला ४-१ ने हरवून विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. सुखजीतने पहिल्याच मिनिटाला गोल केला, दिलप्रीतने दोन. लगेच 'फॉरवर्ड लाइन परतली' असा गाजावाजा झाला. तोही एकच सामना होता. पॅरिसला लावायचं तेच माप राजगीरलाही लावावं, आणि मगच विश्वचषकाच्या संघातली नावं ठरवावीत.