लपवलेली वही

भगिनींनो, पंचेचाळिशी उलटली तरी चारचौघांत लिहायची आम्हांला भीती वाटे. नांदेडला बँकेत गेलो की पैसे काढायची पावती लेकाकडे सरकवायचो. अक्षर वाकडं, लोक हसतील!

मग लातूरच्या नणंदबाईंनी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचायला दिलं. बेबीताई फलटणच्या. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. पोटापाण्यासाठी छोटं दुकान. पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद त्या आधी वाचून काढत. तिथंच बसून त्यांनी आपल्या समाजाचं जिणं लिहायला घेतलं. घरच्यांच्या धाकानं ते लिखाण २० वर्षं लपवलं, पण लिहिणं सोडलं नाही. १९८६ साली पुस्तक निघालं, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. पुढं ते इंग्रजीतही गेलं.

आम्हीही दोनशे पानी वही आणली. रात्री भांडी झाली की एक पान. पहिलं पान १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईचं. वही तांदळाच्या डब्यामागं ठेवायचो.

सहा महिन्यांनी नणंदबाई आल्या. त्यांनी सर्वांसमोर वाचायला लावलं. आवाज कापत होता. वाचून झाल्यावर घरचे म्हणाले, “आईचं हे कधी बोलली नाहीस!”

परवा बँकेत पावती आम्हीच भरली. अक्षर अजून वाकडंच आहे. ज्या बहिणीनं वही लपवली असेल, तिनं आज एक पान घरात वाचून दाखवावं.

जयभीम!