यंत्राचें दान आणि माणसाचें वेतन

एखाद्या गरीब शेतकऱ्यास कोणा श्रीमंत गृहस्थानें बैल दिला, पण वैरणीची कांहींच तजवीज केली नाहीं, तर त्या बैलाचें काय होतें हें ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे त्यांस सांगावयास नको. बैल दावणीस दिसतो, दात्याचें नांव गांवभर होतें, आणि दोन महिन्यांनीं जनावराच्या फासळ्या मोजतां येतात. आदिवासी लोकांच्या नभोवाणी केंद्रांस निरनिराळ्या सरकारांनीं आजवर जी मदत केली तिची हकीकत वाचतांना मला हा बैल वारंवार आठवला.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं, तांबड्या मातीच्या रुक्ष मुलखांत, तेथील मूळचे रहिवासी लहान लहान वस्त्या करून राहतात. त्यांच्या भाषा अनेक व परस्परांहून भिन्न आहेत. १९८५ सालीं त्या देशाचा दळणवळणाचा पहिला उपग्रह आकाशांत सोडण्यांत आला व या वस्त्यांपर्यंत शहरांतील इंग्रजी कार्यक्रम पोहोंचण्याची वेळ आली. वडील मंडळींस धास्ती पडली. दिवसभर घरांत इंग्रजीच ऐकूं येऊं लागली, तर नातवंडांस आजीची भाषा कोण शिकविणार? युएंडुमू आणि अर्नाबेला या दोन वस्त्यांनीं सरकारची वाट पाहिली नाहीं. परवाना नसतांना, थोडक्या खर्चाचीं यंत्रें जुळवून, त्यांनीं त्याच वर्षीं आपल्या भाषेंत स्वतःचें चित्रप्रक्षेपण सुरू केलें. (अर्नाबेला येथें १९३७ सालीं एक मिशन स्थापन झालें होतें, व तेथील शाळेंत मुलांस त्यांच्याच भाषेंतून लिहावयास शिकवीत. आपली भाषा पाटीवर शोभते असें ज्यानें लहानपणीं पाहिलें, त्यास ती यंत्रांतूनही शोभेल असें वाटलें असल्यास नवल नाहीं.)

पुढें १९८७ सालीं सरकारनें एक योजना जाहीर केली. ती ‘ब्रॅक्स’ या आद्याक्षरी नांवानें प्रसिद्ध आहे. सुमारें ८० दूरच्या वस्त्यांस उपग्रहाचा संदेश झेलणारी तबकडी, आवाज व चित्र प्रक्षेपित करणारीं लहान यंत्रें, ध्वनिमुद्रणाचें साहित्य, ध्वनिक्षेपक व कॅमेरा अशी सामग्री देण्यांत आली. शिवाय एक कळ होती. ती दाबली कीं शहराकडून येणारा कार्यक्रम थांबे व वस्तीचा स्वतःचा कार्यक्रम सुरू होई. ही कळ मला फार आवडली. सरकारच्या देणगींत सरकारचेंच तोंड बंद करण्याची सोय क्वचितच असते!

पण ही कळ दाबणाऱ्या माणसाचा विचार योजनेंत फारसा नव्हता. पेट्या आल्या, तारा जोडल्या गेल्या, आणि जोडणारे लोक परत गेले. चालकांस शिक्षण मिळालें तें अत्यल्प. त्यांच्या वेतनाची नीट व्यवस्था नव्हती, कित्येक ठिकाणीं यंत्रें ठेवण्यास धड खोलीही नव्हती. त्या मुलखांतील उष्णता व बारीक धूळ यांपुढें नाजूक यंत्रें किती दिवस टिकणार? युएंडुमूपासून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हें शहर सुमारें ३०० किलोमीटर दूर. एवढासा भाग बिघडला तरी तेवढी वाट तुडवावी लागे. पुष्कळ वस्त्यांत सामग्री पडून राहिली, व १९९० नंतर त्याच योजनेस पुन्हा उभारी देण्यासाठीं निराळा पैसा काढावा लागला.

सरकार यंत्र आनंदानें देतें आणि वेतन देतांना हात आखडतें, याचें कारण गूढ नाहीं. यंत्राचें छायाचित्र काढतां येतें, त्यास हार घालतां येतो, व एकदां वहींत नोंद झाली कीं काम संपलें. वेतन मात्र दर महिन्यास मागावयास येतें. मी ज्या शाळेंत शिकलों तेथें एका सद्गृहस्थानें चित्रपट दाखविण्याचें यंत्र दिलें होतें. दुसऱ्या वर्षीं त्याचा दिवा गेला. दिव्याचा खर्च कोणत्या खात्यांत घालावा हें कोणासच ठरवितां येईना. पाहुणे आले कीं कपाट उघडून हिरव्या फडक्याखालचें तें यंत्र त्यांस दाखवीत, आणि आम्ही मुलें त्यावर कधीं चित्र उमटेल याची वाट पाहत शाळा सोडून गेलों.

कोणी म्हणतील, माणूस काय, शहरांतूनही पाठवितां येईल. येथेंच मोठी चूक होते. वार्लपिरी लोकांत अशी रीत आहे कीं, मनुष्य वारल्यावर कांहीं काळ त्याचें नांव उच्चारीत नाहींत, त्याचा आवाज वा चित्र घरच्यांच्या कानांडोळ्यांवर येऊं देत नाहींत. मग संग्रहांतील कोणतें गाणें आज वाजवावयाचें नाहीं, तें कोण सांगणार? परवां कोणत्या घरीं सुतक आलें हें ज्यास ठाऊक, तोच तें केंद्र चालवूं शकतो. असा माणूस कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं. तो वस्तींतच असतो, व त्यासही पोट असतें.

आतां मोबाईल घरोघरीं असतां नभोवाणीची गरज काय, हा आक्षेप राहिला. त्याचें उत्तर उत्तरेकडील अलास्कांत मिळतें. तेथें बेथेल गांवीं १९७१ सालापासून केवायूके नांवाचें केंद्र यूपिक लोकांच्या भाषेंत व इंग्रजींत बोलत आलें आहे. अमेरिकेंत अशा केंद्रांस यंत्रें घेण्यासाठीं वेगळा सरकारी निधि होता, तो २०११ सालीं बंद झाला. चालू खर्चास मदत करणारें सार्वजनिक प्रक्षेपण मंडळ राहिलें होतें. २०२५ च्या जुलै महिन्यांत तेथील काँग्रेसनें त्याचे दोन वर्षांचे मिळून सुमारें ११० कोटि डॉलर रद्द केले. केवायूकेच्या उत्पन्नाचा सुमारें ७० टक्के भाग याच मदतीचा होता. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हालोंग वादळाच्या अवशेषांनीं किपनुक व क्विगिलिंगोक हीं किनाऱ्याचीं गांवें उद्ध्वस्त केलीं, घरें पायांपासून उचलून वाहून नेलीं. हजाराहून अधिक लोकांस स्थलांतर करावें लागलें. कोणी कोठें जावें, कोण सुखरूप आहे, हें वृद्ध माणसांस समजेल अशा भाषेंत सांगावयास हेंच केंद्र होतें. वादळांत खांब पडले कीं मोबाईल मुका होतो. साध्या घटमाळेवर चालणारा रेडिओ बोलतच राहतो.

अशा केंद्रांनीं स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हा उपदेश मीही तरुणपणीं केला असता. पण जेथें दुकानेंच मोजकीं, तेथें जाहिराती कोण देणार? शहरांतील मोठीं केंद्रेंसुद्धां श्रोत्यांच्या वर्गणीवर कशींबशीं उभीं आहेत.

आपल्या देशांत २००६ सालापासून लोकसंस्थांस लहान नभोवाणी केंद्रें काढण्याची मोकळीक मिळाली आहे. उद्यां मेळघाटांतील कोरकू मंडळींनीं आपल्या भाषेंतील केंद्रासाठीं अर्ज केला असें समजूं. प्रक्षेपक किती शक्तीचा व मनोरा किती उंच, हे प्रश्न अधिकारी विचारतीलच. माझ्या मतें त्यांच्याही आधीं दुसरे प्रश्न यावयास हवेत: गांवांतील कोणत्या दोन मुलामुलींस हें काम शिकविणार, त्यांस पांच वर्षें महिन्याच्या महिन्यास वेतन कोण देणार, आणि पहिल्या पावसाळ्यांत वीज पडून यंत्र जळालें तर नवा भाग आणावयास अमरावतीस कोण व कोणाच्या पैशानें जाईल? या प्रश्नांपुढची जागा कोरी असेल, तर यंत्राची रक्कम मंजूर करूं नये.