आठ दिवसांची सेवा

२०१४ साली मी टेक्सासला ऑनसाइट होतो. एक दिवस शेजारच्या क्युबिकलमधला सहकारी एक पत्र घेऊन आला. त्याच्या चर्चचा गट आठ दिवसांसाठी हैतीला निघाला होता. अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळायचं, भिंती रंगवायच्या, बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. खर्चासाठी वर्गणी जमवणं चालू होतं. माणूस अगदी सज्जन, माझा बिल्ड फुटला तर रात्री माझ्यासोबत थांबणारा. मी पन्नास डॉलर दिले आणि विसरून गेलो.

परत आल्यावर त्याने फोटो दाखवले. चारेक वर्षांची एक मुलगी त्याच्या गळ्यात पडलेली. "पाच मिनिटांत अशी चिकटली, सोडेचना!" सांगताना त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

त्यातली गोम मला बऱ्याच उशिरा कळली. ल्युमोस ही संस्था याच विषयावर काम करते. तिच्या अंदाजानुसार हैतीच्या अनाथाश्रमांत सुमारे ३० हजार मुलं होती आणि त्यातल्या ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते! मग ही मुलं तिथे का? तर गरिबी. पोराला दोन वेळ जेवायला मिळेल, शाळा मिळेल म्हणून आईबाप काळजावर दगड ठेवून पाठवतात. आणि मुलं जितकी जास्त, तितके पाहुणे जास्त, तितक्या देणग्या जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर डिमांड आपण तयार करतो, सप्लाय आपोआप होतो. तेच पैसे त्या आईच्या हातात पडले असते तर?

जानेवारी २०१० मध्ये, भूकंपानंतर, याचं टोक दिसलं होतं. ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेणाऱ्या १० अमेरिकन बॅप्टिस्टांना हैतीच्या पोलिसांनी पकडलं. "अनाथांना वाचवतोय" असं ते म्हणत होते. नंतर कळलं, मुलांना आईवडील होते.

आणि ते चिकटणं? अनोळखी माणसाला मूल पाच मिनिटांत असं बिलगतं, तेव्हा बऱ्याचदा त्याला हक्काचं, रोजचं असं कुणी नसतं. दर आठवड्याला नवा गट येणार, जीव लावणार, निघून जाणार.

आता तुम्ही म्हणाल, गोऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. बरोबर आहे. पुण्यात परतल्यावर आमच्या कंपनीची टीम एका शनिवारी बालगृहात गेली होती. केक, टी-शर्ट, ग्रुप फोटो, सगळं झालं. निघताना एका मुलाने विचारलं, "काका, परत कधी येणार?" मी म्हटलं, "लवकरच." गेलो नाही. तो "लवकरच" अजून घशात अडकलाय.

मिशनवाले सगळे असेच, असंही नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडेही. तिच्या धर्मप्रसाराबद्दल खुशाल वाद घाला, पण ती चौतीस वर्षं राहिली. तिच्या विद्यार्थिनींना "बाई, परत कधी येणार?" असं दर आठवड्याला विचारावं लागलं नाही.

आपल्याला चौतीस वर्षं द्यायला जमणार नाही, कबूल. ईएमआय आहे, अप्रेझल आहे. मग निदान मुलांच्या गळ्यात तरी पडू नये. हल्ली कुणी असल्या ट्रिपसाठी पैसे मागितले की मी एवढंच विचारतो, "या मुलांना घरी आई आहे का? असेल, तर तिला काय लागतं?" थोडं अवघडल्यासारखं होतं. होऊ दे. पन्नास डॉलर देताना मीही विचारायला हवं होतं.