तिरपे अक्षर

इंग्रजी लग्नपत्रिकेवर शोभणाऱ्या डौलदार तिरप्या ‘इटॅलिक’ अक्षराचा जन्म शोभेसाठी झालेला नाही. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतिउस यांनी १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य आरंभापासून अखेरपर्यंत याच अक्षरात छापले. विद्वानांच्या प्रवाही हस्ताक्षरावरून फ्रांचेस्को ग्रिफो या कुशल कारागिराने त्याचे ठसे कोरले होते. ग्रंथ हाती धरून वाचता यावा एवढाच लहान होता.

पुढे या अक्षराचे कार्य बदलले. मुख्य मजकूर सरळ अक्षरांकडे राहिला. ग्रंथनामे, परभाषेतील शब्द आणि जोर द्यावयाचे शब्द इटॅलिककडे आले. खरे इटॅलिक केवळ कललेले नसते, त्याची घडणच निराळी असते. इंग्रजीतील पहिले लहान अक्षर त्यात वरची कमान सोडून एका गोलाईत सामावते.

संगणकावर मराठी अक्षर तिरपे करताना मात्र बहुधा नवी घडण होत नाही. सरळ अक्षरच यांत्रिकपणे कलते. उभे दंड झुकतात, शिरोरेषा आडवीच राहते, आणि वडीलधाऱ्यांना वाचन कष्टाचे होते. म्हणून मराठी निमंत्रणपत्रिकेत स्थळ, तिथी व वेळ सरळ, ठळक अक्षरांतच छापावीत.